विमानात टाकलेला रुमाल

आमच्या वडवणीच्या स्टँडवर एसटी लागली की दार उघडायच्या आधी खिडक्यांतून रुमाल पडायला लागतात. रुमाल, उपरणं, पिशवी, टोपी, जे हाताला लागेल ते. एका बाईला मी कडेवरच्या लेकराचं टोपरं काढून सीटवर टाकताना पाहिलंय. ज्याचा रुमाल त्याची जागा. तिथं दुसरा कुणी बसला तर भांडण होतं, आणि त्या भांडणात सगळी गाडी रुमालवाल्याच्या बाजूनं असते.

रुमाल टाकला की माणूस निवांत होतो. मग तो चहा पितो, पान लावून घेतो, ओळखीच्याला गाठून जनावरांच्या बाजाराची खबर काढतो. तेवढ्यात गाडी हलली तर आतले लोकच कंडक्टरला सांगतात, "थांबा की जरा, त्यांचा रुमाल हाय." आणि गाडी थांबते. हे सगळं बघत मी मोठी झाले. पण पुढं मला या रिवाजातला पहिला भाग तेवढा आठवला, दुसरा आठवला नाही.

मी एका लहान विमान कंपनीत मार्ग आणि ताफ्याचं काम बघते. ताफा म्हणजे विमानं किती ठेवायची, कुठल्या जातीची घ्यायची आणि कुठलं कुठं पळवायचं. गावात कुणी विचारलं तर आई सांगते, "इमानं कुठं धाडायची ते हिला इचारतेत." इतकं सोपं करून आमच्या कंपनीतही कुणाला सांगता येत नाही.

कंपनी स्वस्तातली आहे. म्हणजे तिकीट स्वस्त, बाकी काहीच स्वस्त नाही. अशा कंपनीचं विमान हवेत असतं तोवर कमावतं आणि जमिनीवर उभं राहिलं की खातं. आमची सगळी विमानं एकाच जातीची, दोन्ही बाजूंना मोठी पाती फिरणारी. ती जेटसारखी पळत नाहीत, पण आखूड धावपट्टीवर उतरतात, इंधन कमी पितात आणि भरायला प्रवासीही कमी लागतात. एकच जात असली की कुठलाही वैमानिक कुठल्याही विमानावर बसतो आणि एकाचा सुटा भाग दुसऱ्याला चालतो.

त्या वर्षी मात्र कंपनीत मोठी जेट घ्यायची हवा होती. वाढायचं तर मोठं व्हावं लागतं, असं जो तो म्हणत होता. बैठकीत मी म्हणाले, वाढू या, पण जेट आलं की त्याचे वैमानिक वेगळे, मिस्त्री वेगळे, भाग वेगळे. एक ना धड भाराभर चिंध्या व्हायच्या. आणि ते जेट जाणार कुठं? जिथं आधीच सगळ्या कंपन्या एकमेकींचे प्रवासी ओढताहेत तिथंच. त्यापेक्षा याच जातीची आणखी विमानं घेऊ आणि जिथं कुणी जात नाही तिथं जाऊ.

"उदाहरणार्थ कुठं?" आमच्या मुख्य मॅडमनी विचारलं. त्या कमी बोलतात आणि बोलल्या की पेन खाली ठेवतात.

मी आमच्या शेजारच्या जिल्ह्यातली एक धावपट्टी सांगितली. विमानं नव्हती म्हणून ती नुसती पडून होती. आमच्या जिल्ह्यातली निम्मी माणसं परळीवरून तिथं सहज पोहोचू शकत होती. टेबलाच्या टोकाकडून कुणीतरी म्हणालं, "बीडकडचे लोक विमानानं जातात?" आणि दोघं-तिघं हसले. मला राग आला. राग आला की माझा आवाज खाली जातो. "दाखवते," एवढंच म्हणाले आणि घरी जायचं तिकीट काढलं.

वडवणीच्या आठवडी बाजारात मी कंपनीचे छापील प्रश्न घेऊन उभी राहिले. मुंबईला जाता का, वर्षातून कितीदा जाता, विमान सुरू झालं तर जाल का. पहिला माणूस कडक इस्त्रीचा, बोटात दोन अंगठ्या, मागं नवीकोरी गाडी. माझ्या हातातल्या कागदाकडं बघून तो म्हणाला, "आमाला कशाला विमान, ताई? आमी कोरडवाहू मानसं." दुसरा म्हणाला, पाऊसच नाही. तिसऱ्यानं तर मलाच विचारलं, अनुदान कधी पडणार. दिंद्रुडला तेच, सिरसाळ्याला तेच. माझ्या कागदांवरून बघितलं तर आमच्या भागात घराबाहेर पडायचीही ऐपत कुणाची नव्हती.

संध्याकाळी आईनं ते ऐकलं आणि ती भाकरी थापता थापता हसायला लागली. "हातात कागद घिऊन इचारल्यावर कोन खरं सांगल? पंचनाम्याला आल्यावानी गेलतीस तू."

खरंच होतं. आमच्याकडं कागद घेऊन आलेल्या माणसाला पीक कमीच सांगायचं असतं. गावाची पैसेवारी कमी लागली तर दुष्काळ जाहीर होतो, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. तोंडानं कुणी हो म्हणणार नाही. मग आमच्याकडं माणूस हो म्हणतो तरी कसा, याचा मी विचार करत बसले. दुसऱ्या दिवशी परत जायला स्टँडवर आले, एसटी लागली आणि खिडक्यांतून रुमाल पडायला लागले. मला उत्तर सापडलं.

वडवणी, दिंद्रुड आणि सिरसाळा या तिन्ही गावांत मोबाइल रिचार्ज आणि ट्रॅव्हल्सची बुकिंग करणारी दुकानं आहेत. तिथं मी पाट्या लावल्या: 'विमानात रुमाल टाका.' थोडे पैसे आगाऊ भरायचे आणि जागा धरायची, तारीख मागाहून सांगितली तरी चालेल. विमान आलंच नाही तर पैसे परत. पाटी वाचून लोक आधी हसले. मग कोरडवाहू अंगठीवाला आला आणि त्यानं स्वतःसाठी, बायकोसाठी आणि मेव्हण्यासाठी रुमाल टाकला. मुंबई-पुण्यात पोरं असलेले आले, दवाखान्याचे फेरे असलेले आले, आडतवाले आले, मेंढरांचा व्यापार करणारे तर सगळे भाऊ मिळून आले.

सगळ्यात पहिला रुमाल मात्र आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. त्यांना कुठंच जायचं नव्हतं. "आपल्या मानसाच्या गाडीत आपून पहिलं बसावं," म्हणाले. दुकानदार नको नको म्हणत असताना त्यांनी खांद्यावरचा खराखुरा रुमाल त्याच्या टेबलावर ठेवला आणि बिनरुमालाचे घरी आले.

मॅडमनी बुकिंग बघितलं, पेन खाली ठेवलं आणि अट घातली. एक विमान एका हंगामासाठी मिळेल. मुंबईहून सकाळी येईल, परत मुंबईला जाईल आणि तिथून दिवसभर दुसऱ्या गावांचे फेरे करील. हंगामभर जागा भरल्या आणि वेळ पाळली गेली, तर याच जातीची आणखी तीन घेऊ आणि अशाच लहान गावांना जोडू. नाहीतर हे विमानही काढून घेऊ आणि जेटचा विचार करू. "वेळ," त्या पुन्हा म्हणाल्या. "तुझ्या गावचा उशीर मी सगळीकडं वाटू शकत नाही." त्याचा अर्थ मला चांगला कळत होता. आमच्याकडं जादा विमान नव्हतं. सकाळचा पहिला फेरा लांबला की त्या विमानाचे दिवसभरातले सगळे फेरे लांबणार होते.

विमान सुरू झालं. जागा भरल्या. आणि पहिल्या आठवड्यापासूनच उशीर सुरू झाला.

लोक येत होते, पण आपल्या सवडीनं. कुणी सिरसाळ्यात भज्यांना थांबलेला, कुणी वाटेत सोयऱ्याच्या दारात दोन घटका टेकलेला. काउंटरवरचा मुलगा घड्याळ दाखवायचा आणि माणूस शांतपणे म्हणायचा, "जागा धरलीय की. रुमाल हाय आपला." भांडत कुणीच नव्हतं. विमान आपल्याशिवाय हलेल, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणार कोण? रुमाल टाका असं मीच तिन्ही गावांत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं. आतले प्रवासीही तसेच. दार लावायला घेतलं की म्हणायचे, "थांबा की जरा, आमच्या गावचे हायेत, आलेच." हवाई सुंदरी बिचारी गोंधळून जायची. पहिले काही दिवस आम्ही थांबलोही, आणि त्यापायी संध्याकाळी कुठल्यातरी तिसऱ्याच गावचे लोक विमानतळावर ताटकळले.

मॅडमचा फोन आला. त्या रागावल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं. "हंगाम संपेपर्यंत वाट बघायची गरज आहे का?" एवढंच विचारलं.

मी बॅग भरली आणि त्या लहान विमानतळावर जाऊन काउंटरच्या मागं उभी राहिले. त्याच दिवशी ठरवलं की ठरल्या वेळेला काउंटर बंद म्हणजे बंद. ज्याचं विमान चुकेल त्याला दुसऱ्या दिवशीची जागा द्यायची, चहा पाजायचा, पण विमान थांबवायचं नाही. लोकांनी मला शिव्या दिल्या. एक म्हणाला, "मोठ्या शहरात जाऊन माणुसकी इसरली की ही." मला ते लागलं. तरी दार वेळेवर लागत राहिलं, आणि माणसं हळूहळू लवकर यायला लागली. पण सगळ्यांचं लक्ष एका गोष्टीकडं होतं, हे मला कळत होतं. मोठा माणूस आला म्हणजे काय होतं, ते त्यांना बघायचं होतं.

त्यातच भावाला मुलगा झाला. भाऊ मुंबईकडं असतो. बारसं ठरलं. आत्या म्हणून मी पाळण्यापाशी हवी होते, पण काउंटर सोडून जाणं शक्य नव्हतं. माझ्या वतीनं आबा जाणार होते. आई आधीच तिकडं गेली होती. बाळासाठी मी हौसेनं अंगडं-टोपडं शिवून घेतलं होतं, जरीच्या काठाचं. ते आबांच्या पिशवीत होतं. आबांचा पहिला रुमाल अखेर कामाला येणार होता.

त्या दिवशी काउंटर बंद व्हायच्या थोडं आधी फोन वाजला. आमच्या भागातले एक मोठे पुढारी त्याच विमानानं निघणार होते. त्यांचा सहायक बोलत होता. "साहेब निघालेत. दहा-पंधरा मिनिटं मागंपुढं होईल. थांबवून ठेवा."

"विमान थांबत नाही," मी म्हणाले.

"कोण बोलतंय?"

मी सांगितलं.

"ताई, धावपट्टी सुरू करायला साहेबांनी किती खेटे घातलेत, म्हाईत हाय ना? साहेबांसाठी रेल्वे थांबलीय."

"थांबली असेल. हे थांबत नाही."

मी फोन ठेवला. काउंटरवरचा मुलगा माझ्याकडं बघत राहिला. माझा आवाज खाली गेला होता आणि तो मला बरा वाटला. रांगेतल्या लोकांनी सगळं ऐकलं होतं. आता या भागात ही गोष्ट जाणारच होती, एकतर अशी नाहीतर तशी.

आणि मग पुन्हा फोन वाजला. आबा.

"माय, परळी कवाच सोडली बग. दिंद्रुडला पावनं भेटलं, च्या घेतल्याबिगर सोडंना. आलोच मी. रुमाल हाय ना आपला?"

मी घड्याळ बघितलं. जरा थांबलं असतं तर आबा पोहोचले असते. दार लावायला उशीर झाल्याची नोंद एखाद्या ओळीत भागली असती, आणि पुढाऱ्यांचं विमान चुकलं तरी बापाचं चुकलं नसतं. मला हे सगळं दिसलं. पिशवीतलं अंगडंसुद्धा दिसलं. पण रांगेतल्या माणसांनी मघाचा फोन ऐकला होता. पुढाऱ्याला नाही म्हटलं आणि बापासाठी थांबले, तर माझ्या नाही म्हणण्याला उद्यापासून कवडीची किंमत राहणार नव्हती.

"आबा, सावकाश या," मी म्हणाले. "विमान निघतंय."

आबा म्हणाले, "बरं."

काउंटर बंद झाला. विमानाचं दार लावू का म्हणून पट्टीवरच्या माणसानं विचारलं, मी हो म्हणाले. मला रडू येत होतं आणि मी ते दाबलं नाही, नुसती भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. पाती फिरली, विमान वळलं, वेळेवर उडालं.

ते वर चढत असताना मी बाहेर आले, तेवढ्यात फाटकाशी पांढरी मोठी गाडी येऊन थांबली, आणि तिच्या मागोमाग आबांना घेऊन आलेली जीप. पुढारी उतरले. त्यांनी आधी आकाशाकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्यांच्या भोवतीची चार माणसं आपोआप मागं सरकली.

"कुणी सोडलं?"

"मी."

"फोन आला होता?"

"आला होता."

"उद्या ही पट्टी बंद करून दाखवू का?" ते ओरडले नाहीत. त्यांना ओरडायची गरज पडत नाही. ते खरोखर करू शकले असते. हंगाम, पुढची तीन विमानं, बैठकीतलं माझं सगळं बोलणं, सारं त्या एका माणसाच्या मर्जीवर येऊन बसलं होतं.

आबा जीपमधून उतरले होते. पिशवी काखेत धरून ते मधे आले आणि त्यांनी रामराम घातला.

"साहेब, ही पोरगी माझी हाय."

पुढाऱ्यांनी त्यांच्याकडं बघितलं.

"नातवाच्या बारशाला चाललो होतो. फोन केलता मी बी, आलोच म्हनून." आबांनी आकाशाकडं हात केला. विमान आता ठिपक्याएवढं झालं होतं. "मलाबी सोडलं तिनं."

मग पुढाऱ्यांनी मला विचारलं, "हे खरं हाय?"

"हो."

"सख्खा बाप?"

"हो."

त्यांनी गॉगल काढला, पुसला, परत घातला. "मंग आमी कोन लागून गेलो," ते म्हणाले, आणि आपल्या सहायकाकडं वळून, "ह्यांची पिशवी गाडीत ठिवा. बारसं हाय म्हणतेत." आबा त्यांच्या गाडीतून रस्त्यानं मुंबईकडं गेले. जाताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

ते पोहोचले तेव्हा पाळणा म्हणून झाला होता, घुगऱ्या वाटून झाल्या होत्या. अंगडं बाळाला दुसऱ्या दिवशी घातलं. आईनं फोटो पाठवला, खाली एक शब्द लिहिला नाही. मी तो फोटो पुष्कळ वेळा बघितला. आपण बरोबर वागलो, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि त्यानं काळजातली कळ जरासुद्धा कमी झाली नाही.

पुढाऱ्यांनी पट्टी बंद केली नाही. ते जिथं सभेला गेले तिथं त्यांनी ही गोष्ट सांगितली, आणि दरवेळी थोडी वाढवून सांगितली. सिरसाळ्याच्या सभेत तर बाप विमानामागं धावत होता म्हणे. पण शेवटचं वाक्य तेच असायचं: "तिनं बापासाठी न्हाई थांबवलं, तुमच्यासाठी काय थांबवतीय? येळेवर जात जा." माझ्या सगळ्या पाट्यांनी जे झालं नाही ते या वाक्यानं झालं. दुकानदारांनी आपण होऊन पाट्यांखाली रंगवलं, 'रुमालासंगं माणूस पाहिजे.' दिंद्रुडच्या हॉटेलवाल्याची तेवढी तक्रार आली, विमानाची गिऱ्हाइकं आता चहाला थांबत नाहीत म्हणून.

हंगाम संपला तेव्हा मॅडमनी मला बोलावलं. पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "तीन. त्याच जातीची." जेटची फाइल कपाटात गेली. तिथंच राहील असं नाही, कधीतरी बाहेर येईल आणि मी पुन्हा भांडेन.

नव्यातलं पहिलं विमान आमच्या पट्टीवर यायचं होतं, त्या सकाळी मी फाटक उघडायच्या आधी पोहोचले. रखवालदार अजून किल्ल्या शोधत होता. फाटकाबाहेरच्या दगडावर आबा बसले होते, पायाशी पिशवी, अंगावर धुतलेलं धोतर. बाळाला बघायला निघाले होते. किती वेळ बसले होते कुणास ठाऊक, पिशवीवर दव पडलं होतं. त्या दिवसानंतर आम्ही विमानाचा विषय एकदाही काढला नव्हता.

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांच्या खांद्यावर रुमाल होता. म्हणून म्हणाले, "आबा, ह्या वेळी रुमाल टाकला नाही का?"

"न्हाई," आबा म्हणाले. "ह्या टायमाला मीच येऊन बसलो."